परदेशात ट्रेडमार्क घ्यायचाय? मग डिस्ट्रिब्युटरला भेटायच्या आधी हे करा

मसाले, लोणची, आंब्याचा पल्प, काजू, कपडे, इमिटेशन ज्वेलरी असं काहीतरी स्वतःच्या ब्रँडने बनवणारे आणि आता दुबई, लंडन, न्यू जर्सीला माल पाठवायला लागलेले जे लोक आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. मोठ्या कंपन्यांकडे वकिलांची फौज असते, त्यांनी पुढे जायला हरकत नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. भारतात टीएम (ट्रेडमार्क, म्हणजे ब्रँडच्या नावावरचा कायदेशीर हक्क) रजिस्टर झाला म्हणजे तो भारतातच झाला, बाहेर त्या सर्टिफिकेटला कुणी विचारत नाही. आणि "इंटरनॅशनल ट्रेडमार्क काढून देतो, जगभर चालेल" असं सांगणारा एजंट भेटला तर चहा पिऊन निघा, कारण असा एक कागद जगात कुठेच मिळत नाही. प्रत्येक देशाचा हक्क वेगळा. टोयोटासारख्या कंपनीला हे इथे आपल्याकडे कळलं. त्यांची प्रियस गाडी जपानमध्ये १९९७ ला आली, इकडे एका स्पेअर पार्टवाल्या कंपनीने तेच नाव २००२ मध्ये रजिस्टर करून टाकलं, टोयोटा २००९ ला कोर्टात गेली आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तुमचं नाव तेव्हा जगात गाजत असेल पण भारतातल्या गिऱ्हाइकाला ते माहीत होतं हे दाखवा, आणि ते दाखवता आलं नाही. पुण्यातल्या कॅम्पच्या बर्गर किंग या लोकल दुकानाचं उलटं. त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीने भारतात नाव १९७९ पासून रजिस्टर करून ठेवलेलं, दुकान मात्र २०१४ ला उघडलं. २०११ ला केस टाकली, २०२४ मध्ये जिल्हा कोर्ट पुणेकरांच्या बाजूने गेलं, पण लगेच हायकोर्टाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत ते नाव वापरायला मनाई केली. मधली तेरा वर्षं वकिलांची फी चालूच. दोन्हीकडे भांडण एकच, या देशात कोण आधी आणि कोणाकडे कागद.

आता खरा धोका कुठून येतो? लोकांना वाटतं कुणीतरी चोर येऊन नाव पळवेल. बहुतेक वेळा तसं होत नाही हो, नाव आपलाच डिस्ट्रिब्युटर घेतो. आणि दरवेळी वाईट हेतूनेच घेतो असंही नाही, तो म्हणतो "शेठ, इथल्या सुपरमार्केटला टीएम लागतो, मी काढून ठेवला, तुमचाच आहे." चार वर्षं सगळं गोडीगुलाबीत चालतं, मग तुम्ही रेट वाढवता किंवा दुसऱ्या पार्टीला माल देता, आणि मग कळतं की त्या देशात तुमच्या ब्रँडचा मालक तो आहे आणि तुमचाच कंटेनर तो कस्टममध्ये अडकवू शकतो. माझ्या ओळखीतल्या एका मसालेवाल्यांचं आखातात हेच झालं, शेवटी पैसे देऊन स्वतःचं नाव विकत घ्यावं लागलं, आणि जे पैसे दिले त्यात सहा-सात देशांचं रजिस्ट्रेशन सहज झालं असतं. पॅरिस कन्व्हेन्शनमध्ये अशा एजंटविरुद्ध तरतूद आहे पण ती वापरायची म्हणजे परक्या देशात कोर्टकचेरी. त्यामुळे माझा हट्ट एवढाच की गल्फूडला (दुबईच्या खाद्यपदार्थांच्या प्रदर्शनाला) स्टॉल लावायच्या, सॅम्पल पाठवायच्या, व्हॉट्सअॅपवर लेबलची पीडीएफ टाकायच्या आधी त्या देशात अर्ज पडलेला पाहिजे. अॅग्रीमेंटमध्येही साध्या भाषेत लिहून घ्या की ब्रँड आमचा, डिस्ट्रिब्युटर तो नाव, डोमेन, कंपनीचं नाव, इन्स्टा हँडल यातलं काहीही स्वतःच्या नावावर घेणार नाही, आणि घेतलंच तर करार संपताना फुकट परत देईल.

कुठले देश घ्यायचे

सगळे नको. तीन प्रश्न विचारा: माल कुठे विकतोय, माल किंवा पॅकिंग कुठे बनतंय, आणि येत्या दोन-तीन वर्षांत खरंच कुठे जाणार आहोत. मधला प्रश्न लोक विसरतात. तुमच्या स्टीलच्या बाटल्या किंवा छापील पाऊच चीनमधून येत असतील तर तिथे एक नगही विकत नसलात तरी तिथे नाव घ्या, कारण चीनचं कस्टम बाहेर जाणारा मालसुद्धा अडवतं आणि तिथे जो आधी अर्ज टाकतो त्याचं पारडं जड. अॅपलसारख्या कंपनीला आयपॅड या नावासाठी तिथल्या प्रोव्ह्यू कंपनीला २०१२ मध्ये ६ कोटी डॉलर मोजावे लागले. त्यांनी तैवानच्या कंपनीकडून नाव विकत घेतलं होतं, पण चीनमधला हक्क शेनझेनच्या कंपनीकडेच राहिला होता.

देशांच्या बाबतीत काही गोंधळ कायम होतात ते इथेच निस्तरू. युरोपियन युनियनचा एक अर्ज २७ देशांना चालतो, पण त्यात लंडन येत नाही, १ जानेवारी २०२१ पासून यूके पूर्ण वेगळं. स्वित्झर्लंड, नॉर्वे पण वेगळे. आखातात जीसीसी या आखाती देशांच्या गटाचा ट्रेडमार्क कायदा बराचसा सारखा आहे, म्हणून एक अर्ज सगळीकडे चालेल असं लोक धरतात, तसं नाही, प्रत्येक देशात वेगळा अर्ज आणि वेगळी फी. चीन घेतला म्हणजे हाँगकाँग आलं असंही नाही.

नाव चालेल का ते बघा

इथे घाई करू नका, इथले पाच-सहा तास पुढचे लाखभर रुपये वाचवतात. वायपो, म्हणजे ट्रेडमार्क-पेटंट बघणारी जागतिक संघटना, तिचा ग्लोबल ब्रँड डेटाबेस फुकट आहे, युरोपचा टीएमव्ह्यू फुकट आहे, आपल्या आयपी इंडियाच्या (सरकारी ट्रेडमार्क ऑफिसच्या) साइटवर पब्लिक सर्च आहे त्यात वर्डमार्क (नुसतं नाव, चित्राशिवाय) आणि फोनेटिक (उच्चारावरून) दोन्ही मारा. स्पेलिंग बदलून बघा, उच्चार सारखा आला तरी ऑब्जेक्शन येतं.

"कोल्हापुरी मसाला", "घरगुती लोणचं" ही नावं कुठेच टिकत नाहीत, कारण ती मालाचं वर्णन करतात. आणि मराठी शब्द आहे, अमेरिकेत कुणाला कळणार, असं समजू नका. तिथला एक्झामिनर अर्थ विचारतो, आणि तिखटाच्या पाकिटावर "झणझणीत" लिहिलं असेल तर इंग्रजीत जे झालं असतं तेच होऊ शकतं. आडनावाचा पण त्रास आहे, नुसतं पाटील किंवा जोशी घेऊन गेलात तर अमेरिकेत "हे निव्वळ आडनाव आहे" म्हणून अडवतात, सोबत काहीतरी वेगळा शब्द जोडा. देवांची नावं शक्यतो टाळा, तीच नावं हजारोंनी घेतलेली आहेत, मग तुमचा हक्क कमजोर राहतो. आणि छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र ब्रँडवर टाकायचा विचार असेल तर तो इथेच सोडा, १९५० च्या एम्ब्लेम्स अँड नेम्स कायद्यात त्यावर बंदी आहे, बेसच, म्हणजे भारतातला मूळ अर्जच, नाकारला जाईल.

मग क्लास, म्हणजे माल-सेवांचे ठरलेले गट. एकूण ४५ आहेत, ३४ मालाचे आणि ११ सेवांचे, आणि इथे आंबेवाले हमखास फसतात. ताजा आंबा क्लास ३१, पल्प २९, आंब्याचं सरबत ३२, आंब्याची बर्फी ३०. मसाले आणि चिवडा ३० मध्ये, लोणचं, बटाट्याचे वेफर्स आणि भाजलेले काजू २९ मध्ये, कोकम सरबत ३२, फेणी ३३, हॉटेल ४३. म्हणजे तुम्ही नुसता ३० घेतला आणि दुबईत लोणचं विकलं तर लोणच्याला संरक्षण नाही. उलट एकदम सहा क्लास घेणं पण मूर्खपणा, कारण फी क्लासवर लागते आणि वापरलं नाही तर जातं.

भारतातला अर्ज असा टाका की पुढे उपयोगी पडेल

परदेशाचा सगळा डोलारा या अर्जावर उभा राहतो म्हणून जरा थांबून वाचा. फॉर्म टीएम-ए, ऑनलाइन फी एका क्लासला ४,५०० रुपये जर अर्जदार व्यक्ती, स्टार्टअप किंवा उद्यम सर्टिफिकेट असलेला छोटा उद्योग असेल, नाहीतर ९,०००. लोक चूक करतात ती अशी की पाकिटावरचं रंगीत लेबल, त्यात देवनागरीत नाव, खाली आजीचा फोटो, कोपऱ्यात मिरची, असं सगळंच्या सगळं अर्जात टाकतात. नंतर परदेशात जाताना चिन्ह बेसला हुबेहूब जुळावं लागतं, एक मिरची काढली तरी चालत नाही, आणि तोवर पाकिटाचं डिझाइन दोनदा बदललेलं असतं. त्यामुळे बाहेर जायचं असेल तर नुसतं नाव, रोमन लिपीत, काळं-पांढरं, वर्डमार्क म्हणून वेगळा अर्ज टाका. देवनागरी लोगोचा अर्ज हवा तर वेगळा करा, तो इथे आपल्या बाजारासाठी उपयोगी आहेच.

दुसरं, अर्ज कोणाच्या नावावर? आपल्याकडे टीएम बाबांच्या प्रोप्रायटरशिपवर असतो आणि एक्स्पोर्ट मुलाची प्रायव्हेट लिमिटेड करते. माद्रिदच्या अर्जात (एकाच अर्जात अनेक देश घ्यायची सोय, पुढे येतेच) मालक तोच लागतो जो बेसमध्ये आहे, त्यामुळे आधी घरातल्या घरात असाइनमेंट (हक्क लेखी दुसऱ्याच्या नावावर) करून टीएम-पी फॉर्म भरून नाव बदलून घ्या, मगच बाहेर बघा.

अर्ज टाकल्यावर स्टेटस बघत राहायचं. "फॉर्मॅलिटीज चेक पास", मग "मार्क्ड फॉर एक्झाम", मग बहुतेकांचं "ऑब्जेक्टेड" होतं आणि घरी फोनाफोनी सुरू होते. घाबरू नका, एक्झामिनेशन रिपोर्टला ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं एवढाच त्याचा अर्थ. "ऑपोज्ड" दिसलं तर मात्र वकील गाठा. ऑफिसचं ट्रेडमार्क जर्नल दर सोमवारी निघतं आणि त्यात छापून आल्यावर चार महिने कुणीही विरोध करू शकतो.

आणि आता या सगळ्यातली सगळ्यात कामाची युक्ती. भारतात अर्ज टाकल्यापासून सहा महिन्यांच्या आत बाहेर अर्ज टाकलात तर बाहेरही तुमची तारीख भारतातलीच धरतात, याला प्रायॉरिटी म्हणतात. म्हणजे १ मार्चला इथे टाकला तर १ सप्टेंबरपर्यंत वेळ आहे. बऱ्याचदा तोपर्यंत एक्झामिनेशन रिपोर्ट हातात येतो, मग नाव तगतंय का याचा अंदाज घेऊन पाचव्या महिन्यात परदेशाचे पैसे भरा. पण डिस्ट्रिब्युटर बोलणी करतोय, एक्झिबिशन जवळ आलंय असं असेल तर वाट बघू नका, लगेच टाका.

माद्रिद का डायरेक्ट

माद्रिद प्रोटोकॉल भारतात ८ जुलै २०१३ पासून लागू आहे. एक फॉर्म, एमएम २, आयपी इंडियाच्या साइटवरूनच भरायचा, त्यात देश निवडायचे, आपलं ऑफिस तो बेसशी ताडून बघून जिनिव्हाला वायपोकडे पाठवतं. आपल्या ऑफिसची हँडलिंग फी ५,००० रुपये. वायपोची बेसिक फी ६५३ स्विस फ्रँक, चिन्ह रंगीत असेल तर ९०३, म्हणून तर वर काळं-पांढरं म्हणालो. फ्रँक शंभर रुपयांच्या वर गेलाय त्यामुळे नुसती बेसिकच सत्तर हजाराच्या आसपास पडते, आणि त्यावर प्रत्येक देशाचे १०० फ्रँक किंवा त्या देशाने ठरवलेली स्वतःची फी. अमेरिका, युरोप, यूके, चीन, यूएई हे सगळे स्वतःची फी लावणारे. वायपोच्या साइटवर फी कॅल्क्युलेटर आहे, क्लास आणि देश टाका, आकडा समोर येतो, एजंटचं कोटेशन घ्यायच्या आधी हे करा म्हणजे कोण किती लावतोय ते कळेल.

मग प्रत्येक देश आपापल्या कायद्याने तपासतो, त्याला १२ किंवा १८ महिन्यांची मुदत असते आणि त्यात नकार कळवला नाही तर संरक्षण मिळालं असं धरतात. नकार आला की त्या देशातला वकील लावावाच लागतो आणि मुदती विचित्र असतात, अमेरिकेत सहा महिने मिळतात, चीनमध्ये पंधरा दिवस. पंधरा! म्हणून अर्जात दिलेला ईमेल असा द्या जो कुणीतरी रोज बघतं, सीएच्या ऑफिसातल्या सोडून गेलेल्या मुलाचा नको.

माद्रिदची मेख अशी की पहिली पाच वर्षं सगळं भारतातल्या बेसवर टांगलेलं असतं. इथे बेस पडला, कुणी विरोध करून पाडला, की बाहेरचे सगळे देश एकदम जातात. तीन महिन्यांत त्या त्या देशात वेगळा अर्ज करून जुनी तारीख वाचवता येते पण खर्च पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे इथे सर्चमध्ये कुणी मिळतंजुळतं आणि भांडखोर दिसत असेल तर माद्रिदच्या भानगडीत न पडता महत्त्वाच्या देशात डायरेक्ट जा. एकच किंवा दोन देश असतील तरीही डायरेक्टच स्वस्त पडतं. तीन-चारच्या वर गेले की माद्रिद, कारण पुढे पत्ता बदलणं, मालक बदलणं, दहा वर्षांनी रिन्यू करणं सगळं एकाच जागी होतं, आणि नवा देश नंतर एमएम ४ भरून जोडता येतो.

यूएई २०२१ च्या डिसेंबरअखेर माद्रिदमध्ये आलं, कॅनडा २०१९ ला, मॉरिशस, जिथे आपली मराठी मंडळी पिढ्यान्पिढ्या आहेत, २०२३ ला. ओमान, बहारीन, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया आहेतच. पण नेपाळ, बांगलादेश, दक्षिण आफ्रिका, तैवान हे त्यात नाहीत, तिथे स्थानिक एजंट गाठून वेगळा अर्ज. आखातात डायरेक्ट गेलात तर कागदपत्रांचं अरबी भाषांतर आणि लीगलाइज केलेली पॉवर ऑफ अॅटर्नी यात वेळ जातो, तो धरून चला.

चीनसाठी मी माद्रिदपेक्षा डायरेक्टच सुचवतो. तिथे क्लासच्या आत सबक्लास असतात आणि माद्रिदमधून गेलं की माल कुठल्या सबक्लासमध्ये टाकायचा ते ते ठरवतात, भोकं राहतात. शिवाय चिनी अक्षरातलं नाव तुम्हीच ठरवून रजिस्टर करा, नाहीतर बाजार तुम्हाला एक नाव ठेवेल आणि ते दुसराच कुणीतरी रजिस्टर करेल. बास्केटबॉलवाल्या मायकल जॉर्डनला स्वतःच्या आडनावाच्या चिनी रूपासाठी तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, २०१६ ला थोडंफार हाती लागलं.

अमेरिकेत माद्रिदमधून जाताना एमएम १८ हा वेगळा फॉर्म जोडावा लागतो, की आम्ही खरंच वापरणार आहोत. मग रजिस्ट्रेशननंतर पाचव्या आणि सहाव्या वर्षाच्या मध्ये वापराचं डिक्लरेशन थेट अमेरिकन ऑफिसात भरायचं, वायपोकडे नाही, आणि हे इतके लोक विसरतात की काय सांगू, नाव आपोआप रद्द होतं. त्यात ज्या मालाचा वापर नाही तो खोटा दाखवू नका.

मिळाल्यावर काय

सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलं की काम संपलं असं नाही. चीनमध्ये तीन वर्षं, युरोप आणि यूकेत पाच वर्षं वापर नसेल तर कुणीही रद्द करायला अर्ज टाकू शकतो. २०२४ मध्ये युरोपच्या कोर्टाने मॅकडोनाल्ड्सकडून बिग मॅक हे नाव चिकनचे पदार्थ आणि रेस्टॉरंट सेवा यांच्यापुरतं काढून घेतलं, कारण वापराचा पुरेसा पुरावा दिला नाही, समोर होती आयर्लंडची एक लोकल चेन. म्हणून प्रत्येक देशाचं एक फोल्डर करा: इनव्हॉइस ज्यावर ब्रँडचं नाव छापलेलं आहे, शिपिंग बिल, दुकानातल्या रॅकचा तारखेसह फोटो, अॅमेझॉन लिस्टिंगचा स्क्रीनशॉट, स्टॉलची पावती. इनव्हॉइसवर नुसतं "मिक्स्ड स्पायसेस" लिहिण्याची सवय असेल तर ती आजच बदला, ब्रँडचं नाव लिहा, नाहीतर दहा वर्षांचे इनव्हॉइस असूनही पुरावा शून्य.

पाकिटावरचा गोलातला आर फक्त जिथे रजिस्टर झालंय त्या देशाच्या मालावर. बऱ्याच देशांत रजिस्टर नसताना तो छापणं गुन्हा आहे. एकच पाकीट सगळीकडे जात असेल तर सरळ टीएम छापा, तो बहुतेक ठिकाणी चालतो.

कुणी तुमच्यासारखं नाव टाकतंय का यावर नजर ठेवावी लागते, ते ऑफिस तुम्हाला सांगत नाही. विरोधाची मुदत युरोपमध्ये तीन महिने, यूकेत दोन, अमेरिकेत आणि यूएईत ३० दिवस, म्हणजे महिन्यातून एकदा तरी सर्च मारायलाच पाहिजे किंवा वॉच सर्व्हिस घ्या. नकली माल येत असेल तर कस्टममध्ये ट्रेडमार्क नोंदवायची सोय भारतात, अमेरिकेत, युरोपात, चीनमध्ये आहे, आणि कोर्टापेक्षा तोच रस्ता मला जास्त आवडतो, कारण माल बंदरातच थांबतो.

ज्यांचा माल जीआयवाला (ठराविक भागाच्या नावाने ओळखला जाणारा आणि तशी सरकारी नोंद असलेला) आहे, म्हणजे हापूस, कोल्हापुरी चप्पल, पैठणी, त्यांनी जीआय आणि ट्रेडमार्क एक समजू नये. कोल्हापुरी चपलेला जीआय २०१९ ला मिळाला, पण जून २०२५ ला प्राडाने मिलानमध्ये तशाच चपला रॅम्पवर आणल्या तेव्हा भारतातला जीआय तिकडे थेट लागू होत नव्हता. तुमच्या स्वतःच्या ब्रँडचं नाव तुम्हालाच वेगळं घ्यावं लागेल.

शेवटी खोट्या बिलांबद्दल. माद्रिदचं नाव छापून आलं की महिन्याभरात ईमेल आणि टपालाने बिलं यायला लागतात, वर कुठल्यातरी रजिस्टर किंवा इन्स्टिट्यूटचं भारदस्त नाव, मधे तुमचा खरा नंबर आणि खरा लोगो, खाली हजार-दीड हजार युरो. अगदी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ही ऐच्छिक डिरेक्टरी आहे. भरू नका. दुसरा प्रकार चीनकडून येतो, "अमुक कंपनी तुमचं नाव डोमेन म्हणून घेतेय, तुम्ही सात दिवसांत कळवा नाहीतर आम्ही त्यांना देऊन टाकू", तो डोमेन विकायचा धंदा आहे, उत्तरही देऊ नका. खरी वायपोची फी अर्ज आणि रिन्यूअलच्या वेळी त्यांच्या साइटवर तुम्ही किंवा तुमचा एजंट भरतो, ती अशी घरी चालत येत नाही. वायपोच्या साइटवर अशा खोट्या बिलांचे नमुने ठेवलेत, अकाउंट्स बघणाऱ्याला ते एकदा उघडून दाखवा, कारण पैसे तोच भरतो.